चौदा देश उभे राहिले

कोल्हापुरात समुद्राच्या कायद्याची परिषद भरणार, ही बातमी शिरोळच्या नळावर पोचली तेव्हा पहिला प्रश्न निघाला तो असा, की मग जहाजं काय रंकाळ्यात सोडणार हाईत व्हय?

बाया हसल्या. तानूबाई हसली नाही. तिनं घागर कमरेवर घेतली आणि म्हणाली, "सोडूदेत कुठंबी. माझं पोर तेवढं उतरवा म्हणावं."

तिचं पोर म्हणजे संघर्ष. कृष्णेच्या पाण्यात पोहून मोठा झाला, मुंबईला जाऊन खलाशाचं शिक्षण घेतलं आणि मालवाहू जहाजांवर लागला. पहिली दोन जहाजं बरी निघाली. तिसऱ्याचा मालक बुडाला म्हणे. मालक तसा कोरडाच राहिला, बुडाला तो त्याचा धंदा. जहाज एका परक्या बंदराबाहेर नांगर टाकून उभं राहिलं ते उभंच. मालकानं फोन उचलायचं सोडलं. बंदरवाले म्हणाले, माणसं उतरवून घेऊ, पण त्यांना घरी धाडणार कोण ते आधी ठरू दे. ते ठरवायचं ज्या देशाचा झेंडा जहाजावर आहे त्या देशानं, आणि तो देश असा, की त्याला स्वतःला समुद्रच नाही. मनालीनं, म्हणजे संघर्षच्या बायकोनं, शाळेतला नकाशा घरी आणून बोट ठेवून दाखवलं. चारी बाजूंनी जमीनच जमीन. तानूबाईनं त्या बोटाभोवती स्वतःचं बोट फिरवून बघितलं.

"ह्येंच्याकडं पाणी न्हाय आणि जहाज कसं?"

"जहाज त्यांचं नसतं, आत्या. झेंडा भाड्यानं देतात."

"झेंडा भाड्यानं?" तानूबाई उठून बसली. तिच्या घरावर निळा झेंडा होता. दर चौदा एप्रिलला तो नवा व्हायचा, आणि जुना कुठं खाली पडू नये म्हणून घडी घालून पेटीत जायचा. "झेंडा भाड्यानं देत्यात त्यांच्या मोहरं काय बोलायचं गं आपण?"

तरी बोलायचं होतं. तेवढंच तर बोलायचं होतं. मालक एका देशाचा, झेंडा दुसऱ्याचा, बंदर तिसऱ्याचं आणि वर अडकलेलं पोर शिरोळचं, हे तानूबाईनं तलाठ्यापासून खासदाराच्या पीएपर्यंत सगळ्यांना सांगून झालं होतं. सगळ्यांनी मान हलवली होती. संघर्षचा अधूनमधून शेजाऱ्यांकडं फोन यायचा, कुठल्या तरी मच्छीमाराच्या मोबाइलवरून, अर्ध्या मिनिटाचा. ताडपत्रीवर पावसाचं पाणी धरतो म्हणायचा. मासे धरतो. "आई, झुणक्याचा वास आठवायचा म्हटलं तरी आठवंना बघ आता," असं एकदा हसत हसत म्हणाला, आणि फोन कटला. ते हसणं तानूबाईच्या कानात घासत राहिलं होतं.

म्हणून कोल्हापूरहून आकाराम लुनावर बसून घरी आला तेव्हा तिनं त्याला आधी चहा दिला, मग प्रश्न विचारला. आकाराम गणपतरावांच्या संस्थेत होता. गणपतरावांचं कायद्याचं कॉलेज, गणपतरावांचं सभागृह, आणि कोल्हापुरात गणपतरावांच्या शब्दाबाहेर कोण नाही असं निदान गणपतराव तरी म्हणायचे.

"गोव्यात आठवडाभर बैठक चाललीया," आकाराम म्हणाला. "चौदा देशांची माणसं हाईत. शेवटचा दिवस आमच्या साहेबांनी हिकडं ओढून आणलाय. खलाशांच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायचं, असं त्यांच्यात ठरलंय. तर तुमी या, सूनबाईला आणा."

"झेंडेवाला देश असंल त्यात?"

"असंल की. बंदरवाला बी असंल. समदी हाईत."

"आणि बोलाय मिळंल?"

"साडेअकरापास्नं जेवणापतूर निव्वळ तुमचंच हाय, मावशी."

मग काय, पुढचे दिवस तानूबाईनं बोलणं घोटलं. अंगणवाडीत पोरांना खिचडी वाढता वाढता घोटलं, भांडी घासता घासता घोटलं. मनाली झेडपीच्या शाळेत शिकवायची, तिनं ते इंग्रजीत करायचं ठरलं. तानूबाईचं बोलणं रोज वाढत होतं आणि मनालीचं इंग्रजी रोज आखूड होत होतं.

"मी एवढी बोललो आणि तू एवढंच सांगितलीस?"

"इंग्रजीत एवढंच होतं, आत्या."

"काय दळभद्री भाषा म्हणायची."

परिषद रविवारची होती. सन दोन हजारचा डिसेंबर, उसाचा हंगाम जोरात. कसबा बावड्याच्या रस्त्याला ट्रॅक्टरची रांग लागलेली, आणि त्या रांगेत उसाच्या ट्रॉल्यांच्या मागं चौदा देशांची आरामगाडी अडकलेली. सासू-सून एस्टीनं येऊन सभागृहात कधीच्या बसल्या होत्या. पाहुणे आले तेव्हा साडेअकरा तिथंच वाजून गेले होते.

पण कोल्हापुरात पाहुणा आला, की आधी फेटा. त्याशिवाय त्याला कुणी पाणी विचारत नाही. फेटे बांधणारा एकच, डोकी मात्र चौदा देशांची. एकेका देशाला व्यासपीठावर बोलवायचं, फेटा बांधायचा, शाल घालायची, नारळ द्यायचा, फोटो काढायचा. आणि फेट्याचा शेवटचा वेढा द्यायचा मान कुणाचा, तर एका देशाला बँकेचे चेअरमन, दुसऱ्याला तालमीचे वस्ताद, तिसऱ्याला माजी महापौर. एका उंच साहेबाला तो वेढा द्यायला वस्तादांना खुर्चीवर चढावं लागलं. टाळ्या पडत होत्या. पाहुणे खूश दिसत होते. तानूबाईला सुरुवातीला त्यांचं कौतुक वाटलं, मग घड्याळ दिसलं.

तोवर मनालीनं समोरच्या टेबलांवरच्या पाट्या वाचून दोन माणसं हेरली होती. एक तो झेंड्याचा देश. त्याच्या पाटीमागं गुबगुबीत गालांचा, सोनेरी चष्म्याचा माणूस, फेट्यात अगदी नवरदेव दिसत होता. दुसरी बंदराच्या देशाची, पिकल्या केसांची एक बाई. फेटा काढून तिनं मांडीवर ठेवला होता आणि त्यावर हात ठेवून बसली होती. तानूबाईनं त्यांची नावं मनातल्या मनात ठेवली, झेंडेवाला आणि बंदरवाली.

तेवढ्यात दोन बाया आल्या आणि मनालीला, "चला ताई, तुमचाबी सत्कार हाय," म्हणून व्यासपीठाच्या मागं घेऊन गेल्या. तानूबाई एकटी राहिली. कॉलेजचे प्राचार्य माइकवर येऊन इंग्रजीत काहीतरी बोलले, आवाज जड करून, आणि सगळं सभागृह उठून उभं राहिलं. चौदा देश उभे राहिले. फेट्यांचे तुरे खाली झुकले. तानूबाईही उठली. कोणीतरी मोठं माणूस गेलं असेल, असं म्हणून तिनंही मान खाली घातली, हात जोडले, आणि जे कोणी गेलं असेल त्याच्या घरच्यांना बळ दे असं मनापासून म्हणाली.

मग तिलाही व्यासपीठावर नेलं. मनाली आधीच तिथं उभी होती. शेजारी पाहुण्या बाया रांगेत उभ्या होत्या, बंदरवालीही त्यात होती. महिला मंडळाच्या अध्यक्षीणबाई हळदीकुंकवाचं ताट घेऊन पुढं आल्या. पहिल्या पाहुणीला कुंकू लावलं, ती हसली. दुसरीला लावलं. बंदरवालीला लावलं. मनालीपाशी आल्यावर अध्यक्षीणबाईंचा हात हवेत थांबला, त्यांनी चेहरा अगदी कनवाळू केला, तिच्या गालावरून नुसतीच बोटं फिरवली, आणि ताट पुढं नेलं.

खरं तर तानूबाईच्या घरात कुंकवाचं एवढं काही नव्हतं. तिचा नवरा वारला तेव्हा तिची सासू जिवंत होती, आणि त्या म्हातारीनं भरल्या घरात सांगितलं होतं, की पांढऱ्या कपाळाची रीत आपण छप्पन साली मागं टाकून आलोय, हिची टिकली कुणी काढायची नाही. तेव्हापासून तानूबाईची टिकली होती तिथं होती. कुणी कुंकू लावलं काय, न लावलं काय. पण वगळणं वेगळं. त्या वगळण्याचा अर्थ महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही कळतो.

मनालीच्या हातात साडी ठेवली. फिकट, पांढरट, बारीक काठाची. आणि निवेदक मराठीत बोलायला लागला. सागरानं ज्यांचा सुपुत्र आपल्या उदरात घेतला त्या वीरमाता तानूबाई, आणि ज्यांच्या सौभाग्याचा सूर्य अथांग दर्यात मावळला त्या वीरपत्नी...

मनालीनं सासूचा दंड धरला. "आत्या," ती इतक्या हळू म्हणाली, की तानूबाईला वाकावं लागलं, "ते मघाशी उभे राहिले ना सगळे, ते ह्यांच्यासाठी. श्रद्धांजली होती."

तानूबाईला आधी काही कळलं नाही. मग कळलं. आपणही मान खाली घातली होती, हे आठवलं. आपल्या जित्या लेकरासाठी आपण हात जोडून उभं राहिलो, आणि आपल्याला बळ दे म्हणून आपणच मागितलं.

तिनं नारळ टेबलावर ठेवला, खाड्कन. "आकाराम कुठं हाय?"

आकाराम पडद्याजवळच होता.

"काय केलंस रं ह्ये?"

"मावशी, गेल्या साली कारगिलच्या जवानांच्या घरच्यांचा सत्कार केलता, लई चांगला झालता. त्योच कार्यक्रम धरला मी. निवेदन बी तेच, नुसतं डोंगराच्या जागी दर्या घातला. म्हटलं सात म्हैनं पोरगं दर्यात अडकलंय म्हंजे..."

"म्हंजे काय?"

आकाराम साहेबांना बोलवायला पळाला.

गणपतराव स्वतः आले. पांढरे शुभ्र कपडे, अत्तर, आणि अत्तरापेक्षा जास्त दरवळणारं समाधान. काय झालं ते त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आवो आजी, शब्दाचं काय मनावर घेतासा. मान झाला न्हवं? चौदा देश उभे राहिले तुमच्या पोरासाठी. आमदार गेला तरी एवढी माणसं उभी ऱ्हात न्हाईत."

"माझं पोर जित्तं हाय."

"मग उलट आयुष्य वाढलं की त्येचं. चला, आता आभार मानू आणि जेवून घेऊ. तांबडा-पांढरा निवतोय."

"आणि आमचं बोलणं?"

"आता कुठला येळ? पाव्हण्यांस्नी अंधाराच्या आत गोवा गाठाय पायजे. तुमचं म्हणणं लिहून द्या, मी स्वतः पोचवतो."

आभार सुरू झाले. तानूबाई व्यासपीठावरून उतरली, खुर्च्यांच्या मधल्या वाटेनं चालत सभागृहाच्या दारापर्यंत गेली, आणि उंबऱ्यावर बसली. आडवे पाय पसरून बसली. एका चौकटीला पाठ, दुसऱ्या चौकटीला टाचा. दुसरं दार होतं, पण मंडपवाल्यानं तिथं जादा खुर्च्या रचून ठेवल्या होत्या. मनाली येऊन तिच्या शेजारी उभी राहिली. ती पांढरट साडी व्यासपीठावरच राहिली होती.

आभार संपले. फेटे उठले, जेवणाच्या वासानं दाराकडं निघाले, आणि दारात थबकले.

"आजी, उठा," गणपतराव म्हणाले.

"ज्येला जायाचं त्येनं मला वलांडून जावं. मी न्हाय अडवत."

हे मात्र तिनं नेमकं धरलं होतं. बसल्या माणसाला ओलांडून जायचं, तेही बाईमाणसाला, तेही म्हाताऱ्या, हे पाहुण्यांना चाललं असतं कदाचित, पण त्यांच्या पुढं उभे होते वस्ताद, माजी महापौर आणि बँकेचे चेअरमन. त्यांतल्या एकाचाही पाय उचलेना. पाहुण्यांना वाटलं, हाही एखादा रिवाज असेल. एकानं फोटो काढला.

"उचला तिला," गणपतराव दबक्या आवाजात म्हणाले.

"कुणी?" वस्ताद म्हणाले. "मी न्हाय हात लावणार. तुमी लावा."

वर्तमानपत्राचे दोघं जण कोपऱ्यात उभे होते. गणपतरावांनी त्यांच्याकडं बघितलं आणि हात खिशात घातले.

तानूबाईनं मान वर केली. "मनाली, त्या सोन्याच्या चष्म्यावाल्याला इचार, माझं पोर त्येच्या झेंड्याखाली अडकलंय, त्येला कवा सोडतोस."

मनालीनं विचारलं. झेंडेवाला फेटा सावरत पुढं आला. आधी त्यानं फार दुःख झाल्याचं सांगितलं. मग मनालीनं, नवरा जिवंत आहे, असं सांगितल्यावर त्याला आनंद झाल्याचं सांगितलं. मग जहाजाचं नाव विचारलं, आणि नाव ऐकताच त्याचा चेहरा एकदम सुटला.

"तो म्हणतो, ते जहाज आता त्यांचं नाही," मनाली म्हणाली. "मालकानं झेंड्याची फी भरली नाही, म्हणून महिन्यापूर्वी नाव काढून टाकलं. तो त्या देशाचाही नाही, आत्या. झेंडे देणाऱ्या कंपनीचा माणूस आहे."

मागून बंदरवाली पुढं आली. कपाळावरचं कुंकू तसंच होतं. ती झेंडेवाल्याला काहीतरी तडकून बोलली, आणि झेंडेवाला हात पसरून हसला.

"ती म्हणते, आमचं बंदर तुम्हाला चार महिने पत्रं लिहितंय, ही माणसं घरी कोण नेणार म्हणून. झेंडा काढला हे तुम्ही कळवलं का नाही. तो म्हणतो, उत्तर टपालात आहे."

"आणि तिला म्हणावं, आता काय करणार?"

बंदरवाली सावकाश बोलली. मनालीनं सावकाश सांगितलं. या प्रश्नावर एक मसुदा केला आहे, पुढच्या वर्षी त्यावर पुन्हा बसायचं आहे, आणि सगळे देश राजी झाले तर त्यानंतर...

"पुढच्या वरसापतूर त्यानं पावसाचं पाणीच प्यायाचं व्हय?" तानूबाईनं घोटलेलं बोलणं कुठल्या कुठं गेलं. "तिला सांग, मालक पळाला. झेंडा ह्येनं काढून घेतला. मग ते जहाज कुणाचं? कुणाचंच न्हवं. आणि कुणाच्याच नसलेल्या जहाजावर तुमी माझ्या पोराला कुणासाठनं डांबून ठेवलंय? आमच्यात दावणीचा बैलसुद्दा मालक मेला तर कुणीतरी सोडून देतंय गं. सगळं सांग तिला. आखडून सांगू नगंस."

मनालीनं आखडतं घेतलं नाही. कुठून आलं कोण जाणे, पण तिचं इंग्रजी त्या दिवशी सासूच्या मराठीएवढं लांब झालं. शेवटी शेवटी ती रडत होती आणि रडत रडतही सांगत होती. बंदरवालीनं सगळं ऐकून घेतलं. मग ती उंबऱ्याजवळ खाली बसली, आणि फोन कुठं आहे असं विचारलं.

परदेशात फोन लावायची सोय व्यासपीठामागच्या गणपतरावांच्या ऑफिसात होती, कारण त्यांचा मुलगा अमेरिकेत होता. तानूबाई उठायला तयार नव्हती, म्हणून आकारामनं लांब वायर ओढत फोनच दारात आणला. त्याच्याकडं कुणी बघितलं नाही. बंदरवाली तिच्या भाषेत बोलली, थांबली, पुन्हा बोलली, एकदा चांगलीच ओरडली. मग फोन ठेवून तिनं मनालीला सांगितलं. उद्या सकाळी होडी जाईल. सगळ्या खलाशांना जमिनीवर आणतील, डॉक्टरांना दाखवतील, राहायला जागा देतील. पण तिथून पुढं घरी पाठवायला त्यांच्या देशाचे कागद लागतील. म्हणजे तुमच्या.

तानूबाईनं दोन्ही हातांनी तिचे हात धरले. "जयभीम, बाई," म्हणाली. मग पाय आवरून घेतले. "तुमी जावा जेवाय. तुमचं काम झालं."

बंदरवाली गेली. तानूबाईनं पाय परत पसरले.

"आपल्या देशाचं कोण हाय?"

आपल्या देशाचा साहेब मागं होता, दिल्लीचा. फेट्याआड जरा जास्तच मागं. त्याला पुढं केलं गेलं. त्यानं हिंदीत सांगितलं, की मंत्रालयानं या प्रकरणाची दखल घेतलेली आहे आणि आज रविवार आहे.

"दखल घेतलीया तर फोन करा."

"माताजी, आज दफ्तर बंद है।"

"मोठ्या साहेबाचं घर बंद नसंल की," तानूबाई म्हणाली. "न्हायतर सोमवार उद्याच हाय. मी बसतो. मला काय घाई न्हाय."

फेट्यांत चुळबुळ झाली. बाहेर पातेल्यांची झाकणं वाजत होती. झेंडेवाला घड्याळ बघत होता. माजी महापौर दिल्लीच्या साहेबाला म्हणाले, "करा की ओ साहेब, एक फोन. पोटात कावळं वरडाय लागल्यात." मग वस्तादही म्हणाले. मग, वाऱ्याची दिशा बघून, गणपतरावही म्हणाले.

साहेबानं फोन लावला. वरच्या साहेबाशी बोलायला लागला, तोंडावर हात धरून, खालच्या आवाजात. एक खलाशी, कोल्हापूरचा, असं काहीसं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं.

"नहीं सर," साहेब म्हणाला. "ज़िंदा है।"

एवढं हिंदी तानूबाईला येत होतं.

"जरा मोठ्यानं सांगा, साहेब," ती म्हणाली. "मघाशी उभं राहून ज्येंनी त्येला मारला, त्येंच्याबी कानावर जाऊ दे."

साहेबानं तोंडावरचा हात काढला. सगळं सभागृह बघत होतं.

"ज़िंदा है, सर," तो पुन्हा म्हणाला, मोठ्यानं, आणि मग नाव सांगितलं, जहाज सांगितलं, कागद उद्याच निघायला हवेत असंही सांगितलं.

फोन खाली ठेवल्याचा आवाज आल्यावर तानूबाईनं एक पाय आत घेतला. दुसरा अजून पसरलेलाच ठेवला.

"एकेकानं जावा," ती फेट्यांना म्हणाली. "आणि गणपतराव, तुमी सगळ्यात शेवटाला."